हाताला येणाऱ्या मुंग्या : कोणाला, कशामुळे आणि केव्हा

(सत्तरी तालुक्यातील एका गावी पंचायतीच्या सभागृहात भरलेल्या आरोग्य मेळाव्यात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या मेळाव्यात क्षय, डेंग्यू, रक्तदाब अशा मोठमोठ्या व्याधींवर बोलणारे वक्ते आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने क्षुल्लक वाटेल. हाताला मुंग्या येणे ही का व्याख्यान देण्याजोगी गोष्ट, असेही कोणाच्या मनात आले असेल. परंतु मघाशी आत येताना व्हरांड्यात बसलेल्या भगिनींना मी सहज विचारले, की रात्री हात बधिर होऊन आपणांपैकी कोणाची झोपमोड होते काय? आठ-दहा जणी बसल्या होत्या. तिघींनी हात वर केले आणि चौथी म्हणाली, "डॉक्टर, कामे केली की ते व्हायचेच!" या चौथ्या बाईचे उत्तर हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम या विकाराचे स्वरूप सांगतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर जाग येते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांत सुया टोचल्यासारखे होत असते. हात सुजून जड झाला आहे असे वाटते, दिवा लावून पाहावे तर सूज नसते. माणूस उठून बसतो, हात खाली सोडून झटकतो, चोळतो. पाच-दहा मिनिटांत बरे वाटते आणि पुन्हा झोप लागते. पुढे दिवसाही, वर्तमानपत्र धरताना, स्कूटरची मूठ आवळताना, फोन कानाशी लावून बोलताना तोच प्रकार होऊ लागतो. वैद्यकशास्त्रात याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. मराठीत आपण मनगटातील बोगद्याचा विकार म्हणू.

हा बोगदा म्हणजे काय? तळहात संपून मनगट सुरू होते तेथे आठ लहान हाडे कमानीसारखी रचलेली आहेत. त्या कमानीवर एक चिवट, आडवा पट्टा ताणून बसविलेला आहे. हाडे आणि पट्टा यांच्यामधील अरुंद वाटेतून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, हातात उतरतात आणि त्यांच्यासोबत एकच मज्जातंतू जातो. कंडरा घट्ट आणि चिवट, मज्जातंतू मऊ. आपल्या चोर्ला घाटातील अरुंद वळणावर नऊ मालट्रक आणि एक सायकलस्वार एकाच वेळी आले तर चेपला कोण जाईल, हे सांगावयास नको. कंडरांभोवतीचे वेष्टण थोडे जरी फुगले तरी जागा कमी पडते, कारण हाडे हलत नाहीत आणि पट्टा ताणत नाही. गेल्बरमन या अमेरिकन शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोगद्यातील दाब प्रत्यक्ष मोजून 1981 साली प्रसिद्ध केला. निरोगी माणसाचे मनगट सरळ असता तो पाऱ्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर इतकाच भरला. रुग्णांमध्ये सुमारे 32, आणि मनगट पूर्ण वाकविले की 90 च्याही वर गेला. झोपेत आपण मनगट दुमडून उशाखाली किंवा छातीशी घेतो, म्हणून हा त्रास रात्रीच अधिक होतो.

करंगळीचा मज्जातंतू या बोगद्यातून जात नाही, त्यामुळे करंगळी सहसा सुटते. ही खूण लक्षात ठेवा; तिचे काम थोड्या वेळाने पडणार आहे.

या विकाराची ओळख पटावयास वैद्यांनाही बराच काळ लागला, हे रुग्णांनी ऐकले तर त्यांना थोडे समाधान वाटेल. सर जेम्स पॅजेट यांनी 1854 मध्ये मनगटाचे हाड मोडल्यानंतर दबलेल्या मज्जातंतूचे वर्णन केले. बॉस्टनच्या जेम्स पटनम यांनी 1880 मध्ये रात्री हात बधिर होणाऱ्या 37 रुग्णांची हकीकत लिहिली, पण कारण त्यांच्या हाती लागले नाही. 1913 साली फ्रान्समध्ये मारी आणि फ्वा यांनी मृत्यूनंतरच्या तपासणीत पट्ट्याच्या किंचित वर सुजलेला आणि खाली दबलेला मज्जातंतू पाहिला आणि वेळीच पट्टा कापला असता तर हात वाचला असता, असे सुचविले. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे अनेक वर्षे दोष मानेच्या बरगडीला दिला जात होता. 1947 नंतर आणि विशेषतः क्लीव्हलँडच्या जॉर्ज फेलन यांच्या कामानंतर चित्र स्वच्छ झाले. फेलन यांनी 17 वर्षांत पाहिलेल्या 654 हातांचा अहवाल 1966 मध्ये लिहिला. त्यांच्या रुग्णांत गृहिणी आणि मध्यमवयीन स्त्रिया फार होत्या. कारखान्यातील काम हेच या रोगाचे मूळ, हे मत त्यांना मान्य नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा विकार कोणाला होतो? येथे एक भेद आधी स्पष्ट करतो. कारण आणि जोखीम या दोन भिन्न गोष्टी आहेत. माडाखाली बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर नारळ पडत नाही. परंतु ज्याला लागला तो बहुधा माडाखालीच बसलेला असतो. तद्वत, मी पुढे ज्या गोष्टी सांगेन त्यांपैकी एखादी आपल्यात असली तर हा विकार होणारच असे नव्हे. दोन-तीन एकत्र आल्या तर मात्र सावध असावे.

रुग्णालयात येणाऱ्यांवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही, कारण रुग्णालयात ज्याला वेळ आणि बसभाडे आहे तोच येतो. म्हणून सर्वसामान्य वस्तीत जाऊन केलेल्या पाहण्या मोलाच्या ठरतात. दक्षिण स्वीडनमध्ये अशी एक पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. शेकडा 14.4 लोकांनी या बोटांत वेदना, बधिरता किंवा मुंग्या असल्याचे सांगितले. वैद्यकीय तपासणी आणि विद्युत्-चाचणी या दोन्हींत ज्यांचा विकार ठरला असे शेकडा 2.7 निघाले. म्हणजे तक्रार करणाऱ्या पाच जणांत सुमारे एकच खरा रुग्ण! तेव्हा प्रत्येक मुंगीला घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या एकाला तो आहे, त्याला तो आहे.

स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांच्या मानाने कितीतरी अधिक, आणि चाळिशी ते साठी या काळात विशेष आढळतो. स्त्रीचा बोगदा आकाराने लहान असतो हे एक कारण सांगितले जाते, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. ऋतुनिवृत्तीच्या सुमारास शरीरात होणाऱ्या बदलांचाही त्यात भाग असावा. घराण्याचा संबंधही मोठा आहे. ब्रिटनमधील जुळ्या बहिणींच्या 2002 सालच्या अभ्यासात या विकाराचा जवळजवळ निम्मा भार आनुवंशिक असल्याचे दिसले. तेव्हा "माझ्या आईलाही असेच व्हायचे" असे कोणी सांगितले तर वैद्याने ते कानाआड करू नये.

वय, लिंग, घराणे यांवर आपला इलाज नाही. वजनावर आहे. पन्नासांहून अधिक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण 2015 मध्ये झाले. स्थूल व्यक्तीला हा विकार होण्याची शक्यता सुमारे दुप्पट असल्याचे त्यात आढळले. मधुमेहाचेही तसेच आहे. मधुमेही व्यक्तीत ही शक्यता दुपटीच्या जवळपास जाते, कारण वाढलेल्या साखरेने मज्जातंतू आधीच दुबळा झालेला असतो आणि कंडरांची वेष्टणेही ताठ होतात. ही गोष्ट आपल्या राज्याला विशेष लागू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात प्रौढांपैकी शेकडा 11.4 लोकांना मधुमेह. गोव्यात शेकडा 26.4, आणि हे प्रमाण सर्व राज्यांत अधिक होते. समुद्रकिनारे आणि देवळे यांबद्दल आपण पहिला क्रमांक मिरवतो, हाही क्रमांक आपलाच आहे.

कंठग्रंथीचा स्राव कमी पडणे, म्हणजे ज्याला आपण थायरॉइड कमी असणे म्हणतो, त्याचाही संबंध आहे, जरी पूर्वी वाटे तितका तो बळकट नाही. संधिवातात मनगटाचे सांधे सुजतात आणि बोगदा आक्रसतो. मनगट मोडून हाड वाकडे जुळले तर पॅजेट यांनी पाहिले तेच घडते. हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेण्यापूर्वी एक क्ष-किरण चित्र काढावे, ही विनंती मी दर व्याख्यानात करतो आणि दर पावसाळ्यात निसरड्यावर पडलेले हात वाकडे जुळल्यावरच माझ्याकडे येतात. असो. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत शरीरात पाणी साठते आणि अनेक स्त्रियांचे हात रात्री बधिर होतात. बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत जातो. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पुरते. काहींचा जात नाही, त्यांनी मात्र "बाळंतवात" म्हणून वर्ष काढू नये.

आता कामाविषयी. येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण आरोग्य केंद्रात नवा होतो. काजूच्या कारखान्यात काम करणारी पंचेचाळिशीची एक बाई माझ्याकडे आली. काजू फोडण्याच्या यंत्राचा दांडा ती दिवसभर दाबीत असे. दोन्ही हातांना मुंग्या, रात्री झोप नाही. मी काम विचारले, तिने सांगितले, आणि माझे निदान तेथेच संपले. "काम कमी करा," असे सांगून मी तिला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या. या विकारावर त्या गोळ्यांचा गुण सिद्ध झालेला नाही. मजुरी वजनावर मिळत असल्याने काम कमी करणे तिला शक्य नव्हते, हे मला ठाऊक होते. चौदा-पंधरा महिने ती दर महिन्याला गोळ्या नेत राहिली. एके दिवशी येऊन म्हणाली, "डॉक्टर, आता मुंग्या येत नाहीत, दुखतही नाही." मला आनंद झाला. मी तिला गोळ्या थांबवा म्हणालो.

पुढे सात-आठ महिन्यांनी ती परत आली ती बोट भाजून घेऊन. तव्याचा चटका तिला कळला नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा तिचा हात माझ्या हातात घेऊन नीट पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा जो मांसल उंचवटा असतो तो सपाट झाला होता. पोलक्याचे हूक लावता येत नव्हते, धाकटी मुलगी लावून देत असे. मुंग्या गेल्या होत्या त्या मज्जातंतू बरा झाला म्हणून नव्हे. तो तक्रार करण्यापलीकडे गेला होता म्हणून. तिला बांबोळीला पाठविले. तेथे तिच्या रक्तातील साखर तपासली गेली आणि ती कित्येक वर्षांपासून वाढलेली असावी असे निष्पन्न झाले. मी ती एकदाही तपासली नव्हती. पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया झाली, वेदनांचा प्रश्न सुटला, बोटांत थोडी जाणीव परतली. अंगठ्याचे बळ परतले नाही. काजूच्या कामावरून ती सुटली ती कायमची.

काम हे उत्तर मिळाले की आपण पुढे पाहत नाही. मी पाहिले नाही आणि मघाची भगिनीही पाहत नाही. कामाने हात दुखायचेच, हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याच्याआड मधुमेह, थायरॉइड, संधिवात सुखाने लपून बसतात.

याचा अर्थ काम निर्दोष आहे असा मात्र कोणी करू नये. विशेषतः कारखान्यांच्या मालकांनी करू नये. जोर लावून, मनगट वाकवून, तीच ती हालचाल तासन्‌तास करावी लागणे ही सिद्ध झालेली जोखीम आहे. थरथरणारी यंत्रे त्याहून वाईट. चिरेखाणीतील कापणी यंत्र, दगड फोडण्याचे ड्रिल, लाकडाची यांत्रिक करवत आणि अलीकडे काजूच्या बागा साफ करण्यासाठी घरोघर आलेले गवत कापण्याचे यंत्र यांची थरथर थेट मनगटात उतरते. हंगामापूर्वी दोन-तीन आठवडे रोज आठ तास ते यंत्र खांद्याला लावून फिरणारे तरुण मी पाहतो. मूठ हवी त्याहून घट्ट आवळू नये, तासाभराने यंत्र खाली ठेवावे, दोघांनी आळीपाळीने चालवावे, एवढे तरी शक्य आहे. जेथे कामगार स्त्रिया दिवसभर एकच दांडा दाबतात तेथे त्यांना अर्धा दिवस निवडीच्या कामावर बसविणे मालकाला फारसे महाग पडत नाही.

घरकामाला मजुरी नाही म्हणून ते काम नव्हे, असेही समजू नका. विळीवर नारळ खवणे, गोधडी पिळणे, हाताने दूध काढणे यांत मनगट वाकते आणि जोरही लागतो. आधीच विकार असलेल्या बाईचा त्रास यांनी वाढतो. गोधडी दोघांनी मिळून पिळावी. घरातील पुरुषांचे हात यासाठी वापरले तर त्यांना इजा होत नाही.

कचेरीतील मंडळी आणि शिक्षक मला नेहमी संगणकाविषयी विचारतात. याबाबत समज फार मोठा आणि पुरावा लहान, अशी स्थिती आहे. डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्या सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2003 मध्ये आले. कळफलक बडविण्याने हा विकार होतो असे त्यात दिसले नाही. आठवड्याला वीस तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मुंग्यांची तक्रार तेवढी काहीशी वाढलेली दिसली. तेव्हा कारकून बंधूंनी संगणकाला दोष देण्यापूर्वी आपले पोट आणि आपली साखर मोजून घ्यावी. हे मी थट्टेने म्हणत नाही. माझ्याकडे आलेल्या कचेरीतील शेवटच्या तीन रुग्णांपैकी दोघांना मधुमेह निघाला.

आणखी एका भीतीविषयी बोलल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. एक शिक्षक माझ्याकडे आले ते दवाखाना बंद होण्याच्या वेळी, सर्व रुग्ण गेल्यावर. दोन वर्षे त्यांची उजवी बोटे बधिर होत होती. खडू हातून सुटे. शाळेत ते हात खिशात ठेवीत, घरी वेगळ्या ताटात जेवू लागले होते आणि कारण पत्नीला सांगितले नव्हते. त्यांना वाटत होते, हा कुष्ठरोग आहे. मी त्यांची करंगळी तपासली, तिची जाणीव शाबूत होती. अंगावर चट्टा नव्हता, कोपराजवळचा मज्जातंतू जाड झालेला नव्हता. विद्युत्-चाचणीत मनगटातील बोगद्याचाच विकार ठरला. गुरुजी माझ्यासमोर रडले.

कुष्ठरोगात बहुधा करंगळीच्या बाजूची बधिरता आधी येते, कातडीवर न खाजणारा, जाणीव नसलेला फिकट वा तांबूस चट्टा दिसतो. हा फरक सर्वसाधारण आहे, निदान वैद्यानेच करावे. आणि समजा तो कुष्ठरोगच निघाला असता, तरी वेगळे ताट मांडण्याचे कारण नव्हते. त्यावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. लपविलेली दोन वर्षे मात्र दोन्ही रोगांत हाताचे नुकसानच करतात.

अचानक, काही मिनिटांत संपूर्ण हात बधिर वा लुळा पडला, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, तर ही गोष्ट निराळी. तो पक्षाघात असू शकतो. 108 क्रमांकाला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे, हात झटकीत बसू नये.

ज्यांना आठवड्यातून दोन-तीन रात्री हात झटकावा लागतो त्यांनी काय करावे? दोन्ही हातांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकवून, बोटे खाली सोडून, मनगटे वाकवून एक मिनिट धरावीत. त्यात अंगठ्याजवळील बोटांत मुंग्या आल्या तर संशय धरावा. ही फेलन यांची चाचणी. तिच्यावर पूर्ण विसंबू नये, पण आरोग्य केंद्रात येण्याला ते कारण पुरेसे आहे. तेथे रक्तातील साखर तपासून घ्यावी, जरूर तर थायरॉइडही. विकार सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे बांधावी. ती न जमल्यास किंवा न पुरल्यास बोगद्यात औषधाचे इंजेक्शन देता येते. त्याचा गुण अनेकांना येतो, पण पुष्कळदा काही महिन्यांपुरताच. अंगठ्याचे बळ कमी होऊ लागले असेल किंवा बधिरता दिवसभर राहत असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. ती लहान असते, बहुधा तेवढाच भाग बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. हात कापणार या कल्पनेने माणसे पळून जातात. कापावयाचा असतो तो फक्त पट्टा.

मुंग्या आपोआप थांबल्या आणि बोटांची जाणीव मंदावली असेल, तर त्या दिवशी आनंद मानू नका. त्याच आठवड्यात या.

व्हरांड्यात परिचारिका भगिनी साखर तपासण्याची सामग्री घेऊन बसल्या आहेत. मघाशी हात वर केलेल्या तिघींनी आणि न केलेल्या चौथीनेही तेथे जाऊन यावे. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत येथेच आहे. कोणाला हात दाखवावयाचा असेल तर शेजारच्या खोलीत यावे, तेथे दार लोटून घेता येते.